साहेब, मुलांचा खताचा खड्डा कोणाच्या आदेशाने बुजवला?

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
तसेच खान्देशातले सर्व गटशिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक

विषय: शाळांमधल्या हरित सेनेचं नेमकं काय चाललंय, याबाबत

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसले. मागच्या भिंतीला लागून मुलांनी पालापाचोळ्याच्या खताचा खड्डा केला होता. तो मुरूम टाकून बुजवला आणि त्याच्यावरही ब्लॉक बसवले. दोन मोठ्या निंबांच्या बुंध्याला सिमेंट असं भिडवलंय की पाणी मुरायला बोटभर जागा राहिलेली नाही. सुट्टी संपली आणि शनिवारचा शेवटचा तास, जो हरित सेनेचा, म्हणजे मुलांच्या पर्यावरण क्लबचा होता, तो शिष्यवृत्तीच्या सरावाला देऊन टाकला. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. बैठकीत विचारलं, तर उत्तर मिळालं, "वरून आलंय." वरून म्हणजे कोणाकडून, हे तिथे कोणालाच सांगता येईना. म्हणून हे पत्र वरच पाठवतोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं पाठवतोय.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी लागते, आणि चौकशी लागली की ज्या एका सरांनी मुलांना घेऊन तो खड्डा खणला, त्यांच्याच हातात नोटीस पडते. शिवाय यावल-रावेरपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत माझे धंद्यातले ओळखीचे लोक आहेत. त्यांच्या पोरांच्या शाळांचं ऐकतो, तेव्हा आमच्याच शाळेचं ऐकल्यासारखं वाटतं.

माझा धंदा भंगारचा. वडिलांनी हातगाडीवर सुरू केला. आता बसस्टँडच्या मागे पत्र्याचं गोडाऊन आहे, दारात काटा आहे, आत माल निवडायला बाया आहेत. मुलगी गावातच सातवीत शिकते. तापीकाठच्या या तालुक्यात लोक काय घेतात, काय वापरतात आणि काय फेकतात, हे माझ्या काट्यावर रोज दिसतं. पर्यावरणावर बोलायला भंगारवाल्याला काय अधिकार, असं कोणाला वाटत असेल तर त्याने एक दिवस माझ्याकडे येऊन बसावं. चहा मी पाजीन.

रद्दीच्या धंद्यात एक सोय असते, वाचायला फुकट मिळतं. तुमच्या खात्याची परिपत्रकंसुद्धा येतात, कधी कधी न उघडलेल्या पाकिटात. त्यामुळे एवढं कळलंय की मुलांना पर्यावरण शिकवणं ही काही कोणाच्या हौसेची गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला की शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीने शिकवा. सरकारं ढिम्म राहिली, म्हणून २००३ मध्ये पुन्हा कान उपटावे लागले. मधल्या काळात, २००१-०२ मध्ये, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय हरित सेना काढली आणि शाळाशाळांत इको क्लब आले. पुढे समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या युवा आणि इको क्लबसाठी वर्षाची तरतूदही झाली: प्राथमिकला ५ हजारांपर्यंत, उच्च प्राथमिकला १५ हजारांपर्यंत, माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. आता त्याच क्लबला 'मिशन लाइफ' हे केंद्राच्या पर्यावरणपूरक राहणीच्या मोहिमेचं नाव जोडलंय. कागद भरपूर आहे. माझी तक्रार आहे ती शाळेच्या फाटकाच्या आत काय होतं त्याची.

पहिली तक्रार वेळापत्रकाची. पर्यावरण दिन ५ जूनला येतो. त्या दिवशी आपल्याकडच्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि पोरं मामाच्या गावाला असतात. तरी फोटो वर जातात. फोटोत मुख्याध्यापक, एखादे सर, शिपाई आणि शेजारच्या गल्लीतून हाक मारून आणलेली चार पोरं. मग जुलैत वृक्षारोपण. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं लक्ष्य धरलं होतं. आकडा वाढत गेला तशी शाळांवरची घाईही वाढत गेली. २०२४ पासून आईच्या नावाने झाड लावायचं आणि फोटो पोर्टलवर चढवायचा. आईचं नाव दिलेलं झाड मे महिन्यात पाण्यावाचून वाळतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

खान्देशात झाडाची खरी परीक्षा मे महिन्यात असते, साहेब. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि नेमकं तेव्हाच शाळेला कुलूप असतं. जुलैत रोप लावणारं पोर १ मेला निकाल घेऊन घरी जातं. जूनच्या मध्यावर परत येतं तेव्हा खड्ड्यात काडी उभी असते. पुढच्या महिन्यात त्याच खड्ड्यात दुसरं रोप, आणि रोपाभोवती तीच मंडळी. माझी मुलगी शाळेत गेल्यापासून एकाच खड्ड्यात गुलमोहर पाहिला, मग अशोक पाहिला, मग पुन्हा गुलमोहर पाहिला. रोप लावायचं म्हणजे खड्ड्याभोवती गोल करून कॅमेऱ्याकडे बघायचं, एवढं मुलं पक्कं शिकली आहेत.

रोपंही कोणती? रोपवाटिकेतून जी मिळतील ती. सातपुड्याच्या उतारावर अंजन खडकात मुळं घालून उभा राहतो. सलई, पळस आहेत. आपल्या शिवारात बाभूळ, चिंच, करंज, बोर आहेत. मेहरूणच्या बोरांचं नाव तर लांबलांब पोचलंय. शाळेच्या कुंपणाला बोरी लावल्या तर पोरं त्या जिवापाड राखतील, बोरं खायला मिळावीत म्हणून का होईना. आणि ठिबक या भागात घराघरात आहे. शेतकरी जुन्या नळ्या माझ्याकडे किलोने घालतात. शाळेला लागतील तेवढ्या मी फुकट देईन, एका टाकीला जोडल्या की झालं. पण मे महिन्यात त्या टाकीत पाणी कोण भरणार, हे कुठल्याच अहवालाच्या रकान्यात विचारलेलं नसतं.

दुसरी तक्रार 'टाकाऊपासून टिकाऊ'ची. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभे राहा. आइस्क्रीमच्या नव्या काड्या, नवे प्लास्टिकचे चमचे, चमकी, थर्माकोल, चिकटवायची गन. टाकाऊ वस्तू बनवायला आईबाप शंभर-दीडशे रुपयांचा नवाकोरा माल घेतात. दोन दिवस प्रदर्शन होतं आणि तिसऱ्या दिवशी तो माल माझ्याकडे येतो. गोंद, चमकी, कापूस, पुठ्ठा सगळं एकमेकांना असं चिकटलेलं की ते वेगळं करता येत नाही, म्हणून पुढे कोणी घेत नाही. नुसता पुठ्ठा असता तर विकला गेला असता. थर्माकोलच्या सजावटीवर राज्याने २०१८ मध्ये बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून घातली. तरी थर्माकोलचा किल्ला पर्यावरणाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेऊन जातो. परीक्षकांच्या छातीवरचं फूलही प्लास्टिकचंच असतं, ते सोडा.

तिसरी तक्रार जरा लांबेल, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. शाळेचा क्लब जगभराच्या कचऱ्यावर बोलतो. ध्रुवावरच्या बर्फाचं चित्र भिंतीवर रंगवतो. शाळेतून रोज काय बाहेर पडतं, तिकडे मात्र कोणी बघत नाही. मी बघतो, म्हणून सांगतो.

एप्रिलच्या शेवटी वह्या येतात. अर्ध्या कोऱ्या. 'पुढच्या वर्षी नवी वही आणा' असं वर्गात सांगितलेलं असतं. माझ्याकडच्या बाया कोरी पानं सोडवतात, दाभण-दोऱ्याने शिवतात आणि त्याच वह्या स्वतःच्या पोरांना रफ म्हणून देतात. हे काम शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला व्हायला काय हरकत होती?

मधल्या सुट्टीनंतर पटांगणात पाच-पाच रुपयांची चकचकीत पाकिटं उडत असतात. पाण्याच्या बाटलीला गिऱ्हाईक आहे. तेलाच्या डब्याला आहे, पुठ्ठ्याला आहे, पत्र्याला आहे. या पाकिटाला नाही. त्यात प्लास्टिकचे थर असतात आणि आतून अॅल्युमिनियमची झिलई असते. ते थर सोडवून पुन्हा माल करणं परवडत नाही, आणि पोतं भरलं तरी वजन भरत नाही. म्हणून ती गटारात जातात, तिथून नाल्यात, नाल्यातून तापीत. माझ्या गोडाऊनमधल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे सगळं माहीत आहे. सातवीच्या हुशार पोराला विचारा, तो म्हणेल प्लास्टिक रिसायकल होतं. कुठलं होतं आणि कुठलं होत नाही, एवढं जरी क्लबने शिकवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

केंद्राने २०२२ मध्ये नियम केला की आपल्या नावाने माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी अशा वेष्टणांची विल्हेवाट लावायची जबाबदारी घ्यायची. आपल्या केळीच्या पट्ट्यात तर वेफर्स करणारे गावोगाव आहेत. मुलांनी आठवडाभर पटांगणातली पाकिटं गोळा करावीत, नावानुसार ढीग करावेत, मोजावीत आणि प्रत्येकाला पत्र लिहावं: "काका, तुमची एवढी पाकिटं आमच्या शाळेत सापडली. त्यांचं काय करायचं ते कळवा." पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. त्यातली चार उत्तरं जरी आली तरी मुलांना नागरिकशास्त्राचा आख्खा धडा समजेल.

आता पालापाचोळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब आणि पिंपळ पानं टाकायला लागतात. सकाळी शिपाई झाडून ढीग करतो आणि काडी लावतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाने, उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजारांचा आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५ हजारांचा दंड सांगितला. इकडे प्रार्थनेला पोरं वसुंधरा वाचवण्याची शपथ घेतात आणि त्याच वेळी मागच्या भिंतीकडून धूर येत असतो. शिपायाला दोष देत नाही. पाल्याचं काय करायचं ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

त्या बुजवलेल्या खड्ड्याचं मोल यातच होतं. सरांनी मुलांकडून कमरेइतका खड्डा खणून घेतला. खाली काड्याकुड्या, वर सुका पाला, त्यावर शेणकाला, मग पोषण आहाराच्या स्वयंपाकातली भाज्यांची देठं-सालं, मग माती, आणि पुन्हा पाला. असे थर. दर शनिवारी मुलं लोखंडी सळई आत खुपसायची आणि बाहेर काढून हात लावून बघायची. सळई गरम लागली की आतलं काम चालू आहे. गार लागली की पाणी कमी पडलंय किंवा हिरवा माल कमी पडलाय. कोण बरोबर, यावर त्यांची भांडणं व्हायची. वास आला तर ओल जास्त झाली, मग सुका पाला घालायचा. निघालेलं खत परसबागेत गेलं आणि तिथली मेथी खिचडीत पडली. हे फोटोत फार छान दिसत नव्हतं, कबूल आहे. ब्लॉक छान दिसतात.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी पाचवीतल्या एका पोराने सरांना विचारलं, "सर, आते पाला कोठे टाकाना?" सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. तुमच्याकडे असेल तर त्या पोराला कळवा.

केळीच्या पट्ट्यातली शाळा, भिंतीपलीकडे बाग, आणि स्नेहसंमेलनाचा मसालेभात चकचकीत अस्तर लावलेल्या कागदी द्रोणात. घड कापून झाल्यावर पानं बांधावर सडत पडतात. याच पोरांचे बाप हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी करतात तेव्हा केळीच्या पानावरच जेवतात. घरी जे चालतं ते शाळेत मागासलेपणाचं का वाटावं, कळत नाही.

मोठ्या मुलींच्या शाळेत सॅनिटरी पॅडचा प्रश्न आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं की ते गुंडाळून वेगळे द्यावेत. प्रत्यक्षात वहीच्या पानांबरोबर येतात आणि माझ्याकडच्या बायांच्या हाताला लागतात. याविषयी शाळेत मुलींशी बोलायला हवं, आणि मुलांशीही.

चौथी तक्रार सलाईनच्या बाटल्यांची. झाडाला सलाईनची बाटली उलटी टांगून थेंब थेंब पाणी द्यायचं, हा उपक्रम सगळीकडे नावाजला जातो आणि त्याचे फोटो फिरतात. कल्पना चांगली आहे, थेंबाथेंबाने पाणी देणं खान्देशाला कोण शिकवणार! पण त्या बाटल्या आणि नळ्या दवाखान्यातला कचरा आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार त्या लाल पिशवीत जायला हव्यात आणि निर्जंतुक करूनच पुढे जायला हव्यात. नळीला कधी कधी सुई तशीच असते. आम्ही धंद्यातले लोक तो माल घेत नाही, घेऊही नये. आणि दहा वर्षांची पोरं 'दवाखान्यातून मागून आणा' म्हटल्यावर दारोदार फिरतात. जुनी पाण्याची बाटली घ्या, बुडाला बारीक भोक पाडा, तेवढंच काम होतं. मातीचं मडकं रोपाशेजारी पुरलं तर त्याहून चांगलं.

पाचवी गोष्ट घरची आहे, पण लिहितो. गेल्या वर्षी शाळेत एक पाहुणे आले. वसुंधरा, प्रदूषण, कचऱ्याचा पुनर्वापर यावर बोलले, टाळ्या मिळाल्या. शेवटी म्हणाले, "नीट अभ्यास करा, नाहीतर भंगार गोळा करत फिराल." माझी मुलगी त्याच रांगेत बसली होती. गोडाऊनमधल्या बायांची पोरंही होती. पाहुण्यांवर राग नाही, बरेच जण असंच बोलतात. पण शाळेने विचार करावा. गावातला पुठ्ठा, पत्रा, बाटली कारखान्यापर्यंत पोचते ती सकाळी सहाला पोतं घेऊन निघणाऱ्या बाईमुळे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. पुनर्वापरावर भाषण करायला तालुक्यातून पाहुणे आणता, तर एकदा त्या बाईलाही बोलवा. ती तासाभरात मुलांना सात प्रकारचं प्लास्टिक हाताला आणि कानाला ओळखायला शिकवील. चुरगाळल्यावर कुठलं कसं वाजतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नाही.

शिक्षकांवर सगळं ढकलायचं नाही. निवडणुकीची यादी त्यांच्याकडे, सर्वेक्षणं त्यांच्याकडे, पोषण आहाराचा हिशेब त्यांच्याकडे आणि रोज एक नवी लिंक भरायची ती वेगळीच. त्यात हरित सेनेची जबाबदारी शाळेतल्या सगळ्यात नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. ज्याला मनापासून काही करायचं असतं त्याने शनिवारचा तास मागितला तर मिळत नाही. फोटो मात्र त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत चढवायचा असतो.

सहलींचंही तसंच. पैसे गोळा करून पोरांना वॉटर पार्कला नेतात. साक्री तालुक्यातलं बारीपाडा आपल्याच खान्देशात आहे. तिथल्या लोकांनी चारशेहून जास्त हेक्टर जंगल राखलं आहे आणि त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे २००४ पासून वनभाज्यांची स्पर्धा भरते. बाया रानातल्या भाज्या ओळखून, रांधून मांडतात. धुळे तालुक्यात लामकानी आहे, जिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून उजाड माळावर गवत परत आणलं. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर दूरदेशचे पक्षी उतरतात. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी ही ठिकाणं आहेत. नंदुरबारकडच्या आश्रमशाळांतली पोरं तर रानातली वीस-वीस झाडं पानावरून ओळखतात. त्यांच्या शाळेतही हरित सेनेच्या नावाने शोभेच्या कुंड्याच मांडल्या जात असतील, तर त्या पोरांकडून शिकायचं सोडून आपण त्यांचंच ज्ञान पुसतोय.

आता मागण्या.

आमच्या शाळेतल्या खड्ड्यावरचे ब्लॉक काढा आणि जागा मुलांना परत द्या. निंबांच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर जागा मोकळी करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी एवढंच अंतर सांगितलं होतं. खान्देशातल्या झाडांना पाणी जास्तच लागतं. आणि यापुढे कुठल्याही शाळेत सुशोभीकरण करायचं असेल, तर आधी समितीपुढे नकाशा ठेवा.

शनिवारचा तास परत द्या. तो शिष्यवृत्तीला, नवोदयला किंवा गॅदरिंगच्या नाचाला देता येणार नाही, असं लेखी काढा.

जुलैत नवीन रोपाचा फोटो मागण्याआधी जून महिन्यात मागच्या वर्षीच्या रोपाचा फोटो मागा. जुनं रोप वाळलं असेल तर का वाळलं, ते मुलांनी लिहावं. सुट्टीत पाणी कोण घालणार त्याचं नाव रोप लावण्याआधी ठरवा, आणि त्याला क्लबच्या निधीतून काहीतरी मानधन द्या. पाच रोपांना पाणी पुरणार असेल तर पाचच लावा. लक्ष्य पन्नासचं असलं तरी.

क्लबचा निधी आला किती, खर्च कशावर झाला, हे शाळेच्या फळ्यावर लिहा. हे मी उपकार म्हणून मागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमात शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम म्हणून लिहिलेलं आहे. बॅनर आणि टोप्या यांच्यावरचा खर्च वेगळा दाखवा, म्हणजे कळेल.

प्रत्येक शाळेने महिन्यातून एकदा स्वतःचा कचरा वजन करावा: ओला, सुका, पाकिटं, कागद वेगवेगळा. मुलांनीच करावा, गणिताच्या वहीत मांडावा आणि पुढच्या महिन्याशी ताडून बघावा. काटा नसेल तर माझा नेऊन वापरा. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला मी तो देईन आणि निवड शिकवायला माणूसही देईन. पैसे नकोत.

पाला जाळायचा नाही, असं परिपत्रक काढा. त्याच परिपत्रकात खड्डा कसा करायचा तेही लिहा, नाहीतर शिपाई बिचारा मध्ये अडकेल. प्रदर्शनात विकत आणलेल्या सामानाच्या वस्तूंना बक्षीस देऊ नका. सलाईनच्या बाटल्या आजपासून बंद करा, याला बैठकीचीसुद्धा गरज नाही.

आणि पोर्टलवरच्या फोटोंच्या संख्येवरून शाळांना गुण देणं थांबवा. हे तुमच्या हातात नसेल, तर ज्यांच्या हातात आहे त्यांना तुम्ही कळवा, आणि कळवल्याची एक प्रत आम्हालाही द्या.

आमच्या समितीची पुढची बैठक जानेवारीत आहे. वरचे सगळे मुद्दे मी विषयपत्रिकेत द्यायला सांगितले आहेत. तोपर्यंत तुमचं लेखी उत्तर आलं तर ते बैठकीत वाचून दाखवीन. नाही आलं, तर 'उत्तर आले नाही' असं इतिवृत्तात लिहून घेईन आणि खाली सगळ्या पालकांच्या सह्या घेईन.

आपला,
एक भंगारवाला पालक
तापीकाठ, खान्देश